डोकं शाबूत आहे तोवर करून ठेवायचे कागद

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, आयुष्यभर शाळेत मास्तर होते. काही वर्षांपूर्वी मावशी त्यांना घेऊन बँकेत गेली, मी पण होते बरोबर, पैसे काढायचे होते आणि खातं एकट्या काकांच्या नावावर. काउंटरवर चेक पुढे केला, काकांनी चष्मा लावून तो नीट वाचला, खिशातलं पेन काढलं आणि सहीच्या जागी वळणदार अक्षरात लिहिलं, "पाहिले". खाली तारीख टाकली, त्याखाली आद्याक्षरं. पोरांच्या वह्यांवर करायचे अगदी तसं. तारीख बरोबर होती बरं का.

काउंटरवरची मुलगी आधी हसली, मग गप्प झाली. मावशीनं पिशवीतून कुलमुखत्यारपत्र काढलं, चार वर्षांपूर्वी रीतसर रजिस्टर केलेलं, सगळे अधिकार मावशीला. आतून ऑफिसर आले, त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, साहेबांना काय झालंय? मावशी सरळ बाई, तिनं डॉक्टरांची फाईलच उघडून दाखवली, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. त्यावर ते म्हणाले, मग मॅडम, हे पेपर आता चालणार नाहीत.

आम्ही भांडलो. मी जरा जास्तच भांडले. नंतर वकीलबाईंकडे गेलो तर त्या म्हणाल्या, तो माणूस बरोबर होता.

हे ज्याला ज्याला सांगते तो म्हणतो, काहीतरीच काय, मग मुखत्यारपत्र करायचंच कशाला. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय. मी वकील नाही, पण गेल्या काही वर्षांत काकांचं, मग मावशीचं आणि शेवटी माझं स्वतःचं असं तीनदा हे केलंय, त्यामुळे कुठे अडतं ते माहितीये.

मुखत्यारपत्र नेमकं लागतं तेव्हाच का मरतं

आपल्याकडे मुखत्यारपत्र हा करार कायद्याचा भाग आहे, १८७२ चा कायदा. मुखत्यार तुमच्या वतीनं सही करतो, म्हणजे जे तुम्ही स्वतः करू शकता तेच तो तुमच्यासाठी करतो. त्या कायद्याचं कलम २०१ म्हणतं की देणारा किंवा घेणारा मेला किंवा त्याची बुद्धी शाबूत राहिली नाही, की हे नातं संपलं. रजिस्टर केलेलं असो, पाचशेच्या स्टॅम्पवर असो, त्यात "मी आजारी पडल्यावरसुद्धा लागू राहील" असं ठळक अक्षरात लिहिलेलं असो, काही फरक पडत नाही.

माझी भाची लंडनला असते, ती सारखी म्हणायची, अगं मग लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करा ना. तिकडे इंग्लंड-वेल्समधे ते आहे, २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्यात, पैशाचं वेगळं आणि तब्येतीचं वेगळं, आणि डोकं गेल्यावरच त्याचा खरा उपयोग. आपल्याकडे असा कागद नाही. नेटवरून तिकडचा नमुना उतरवून पुण्यात नोटरी करून आणणारे लोक मी बघितलेत, त्या कागदाला इथे कोणी विचारत नाही.

त्यामुळे इथे एक कागद करून भागत नाही. चार-पाच छोटे कागद एकमेकांना जोडून गोधडी शिवायची, पैशाला एक, शरीराला एक, मनाच्या आजाराला एक, घराला एक. आणि सगळे आत्ता.

आधी माणूस ठरवा, कागद नंतर

लोक उलटं करतात, आधी फॉर्म आणतात आणि मग नाव कुणाचं टाकायचं यावर जेवणाच्या टेबलावर भांडण. पैशाचा माणूस आणि हॉस्पिटलचा माणूस एकच असायला हवा असं अजिबात नाही. आमच्याकडे मावशीचा मोठा मुलगा हिशोबात चोख, पण सलाईनची सुई बघितली तरी त्याला घाम फुटतो, त्याला आयसीयूच्या दारात उभं करून काय उपयोग? तिथे धाकटी सून हवी, ती डॉक्टरला न घाबरता तीन वेळा तोच प्रश्न विचारते.

पुण्यात आणखी एक गोष्ट, पोरं बाहेर. कोथरूड, सिंहगड रोड, कुठलीही सोसायटी घ्या, दर दुसऱ्या घरात एक मुलगा अमेरिकेत आणि एक ऑस्ट्रेलियात. भावनेनं त्यांचंच नाव टाकलं जातं. पण रात्री दोनला हॉस्पिटलमधून फोन येतो तेव्हा तिकडे मीटिंग चालू असते, आणि कागदावर ओली सही हवी असेल तर ती व्हॉट्सअ‍ॅपवरून येत नाही. माझं मत स्पष्ट आहे, पहिलं नाव जवळ राहणाऱ्याचं, मग ती पुतणी असो, मैत्रीण असो, शेजारची असो, आणि दुसरं नाव बाहेरच्या पोराचं. पोरांना हे आधी फोनवर सांगायचं, त्यांना वाईट वाटतं, वाटू दे.

ज्याचं नाव टाकताय त्याला विचारा तर खरं. फक्त "तुझं नाव घातलंय हं" नाही, बसून सांगा की मला काय हवं, काय नको, पैसे कुठेत. आणि प्रत्येक ठिकाणी राखीव नाव ठेवा, कारण तुम्ही सत्तरचे असाल तर तुमचा नवरा किंवा बायको पण तेवढीच आहे.

पैसे: इथे सगळ्यात जास्त अडतं

पहिला गैरसमज नॉमिनीचा. नॉमिनी कामाला येतो तो खातेदार मेल्यावर. जिवंतपणी त्याला तुमच्या खात्यातला एक रुपया काढता येत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ते चांगलंच आहे, पण चार लावा नाहीतर एक, तुम्ही अंथरुणाला खिळून आहात आणि काही कळत नाहीये अशा काळात त्यांचा उपयोग शून्य.

दुसरं, एकट्याच्या नावावरचं खातं. आज उठून जी एक गोष्ट करायची ती ही, की घरखर्चाचं, पेन्शनचं आणि औषधाचं खातं जोडीदाराबरोबर किंवा विश्वासातल्या मुलाबरोबर जॉइंट करून घ्या, आणि ऑपरेशनच्या रकान्यात "आयदर ऑर सर्व्हायव्हर" लिहा, म्हणजे दोघांतलं कुणीही एकटं चालवू शकतं. "जॉइंटली" लिहिलंत तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या, आणि एकाची सही बंद पडली की खातं बंद पडल्यासारखंच. आमचं नेमकं हेच राहिलं होतं, काकांना वाटायचं की जॉइंट केलं म्हणजे आपण म्हातारे झालो.

एफडीचं तर अजून गमतीशीर आहे आणि हे बँकेत कुणी आपणहून सांगत नाही. ज्येष्ठांच्या एफडीवर बऱ्याचदा "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" असतं, म्हणजे पहिला माणूस जिवंत असेपर्यंत फक्त तोच. पहिल्याला डिमेन्शिया झाला की ती एफडी ना धड त्याची ना धड दुसऱ्याची. "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असली तरी मुदत संपल्यावर एकाच्या सहीनं पैसे मिळतात, पण मुदतीआधी मोडायची असेल तर दोघंही हयात असताना दोघांच्या सह्या मागतात. यावर मावशीनं काढलेला उपाय मला पटला, तिनं दहा लाखाची एक पाच वर्षांची पावती करायच्या ऐवजी एक-एक वर्षाच्या लहान पावत्या केल्या, दर दोन-तीन महिन्यांनी एखादी सुटते, व्याज थोडं कमी मिळतं पण मोडायची वेळच येत नाही. ऑटो रिन्यूअल बंद ठेवायचं आणि मुदत संपल्यावर रक्कम जॉइंट खात्यात जमा अशी सूचना आधीच देऊन ठेवायची.

एक वेगळी सोय आहे ती यात मिसळू नका. हात थरथरतो, सही जमत नाही, पण डोकं नीट आहे, अशा माणसासाठी बँका अंगठा घेतात, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत तशा, हाताचा जमत नसेल तर पायाचा अंगठा सुद्धा चालतो. पण ती सोय शरीर थकलेल्यांसाठी आहे. शेअर ठेवायच्या डिमॅट खात्यात पण तसंच, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२५ च्या सर्क्युलरमधे गुंतवणूकदार शरीरानं असमर्थ झाला तर त्यानं सांगितलेल्या एका नॉमिनीला खातं चालवू द्यायची सोय आणली, पण अट हीच की गुंतवणूकदाराचं डोकं करार करण्याइतपत शाबूत हवं. सगळीकडे गाडी याच स्टेशनवर येऊन थांबते.

मग मुखत्यारपत्र करूच नये का? करा की. माणूस हॉस्पिटलमधे आहे, पाय मोडलाय, मुलाकडे अमेरिकेत सहा महिने गेलाय, अशा वेळी ते फार उपयोगी आहे. फक्त ते म्हातारपणाचा विमा नाही एवढं लक्षात ठेवा. घराच्या व्यवहाराचं असेल तर रजिस्टरच करा, आयजीआर महाराष्ट्रच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी विभागाच्या साईटवर पब्लिक डेटा एंट्री, म्हणजे दस्ताची माहिती भरायची, मग हवेली तालुक्याच्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात दोन ओळखदार घेऊन जायचं. चालता येत नसेल तर निबंधक घरी येऊ शकतात, कायद्यात सोय आहे, अर्ज करावा लागतो. आणि मोघम "सर्व अधिकार" देण्यापेक्षा कामं मोजून लिहा, अमुक बँक, अमुक फ्लॅटचं भाडं, अमुक इन्कम टॅक्सचं काम. कुलमुखत्यारपत्रावर आपलंच घर दुसऱ्यानं विकून टाकल्याच्या गोष्टी पुण्यात कमी नाहीत.

घराचं काय

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल आणि एकाचं डोकं चालेनासं झालं तर दुसऱ्याला तो विकता येत नाही, अर्धा हिस्सा अडकला. उपचारासाठी फ्लॅट विकायची वेळ येते तेव्हाच हे कळतं.

यावर घाबरून लोक एक मोठी चूक करतात, मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करून मोकळे होतात, कारण महाराष्ट्रात राहतं घर मुलाला-नातवाला बक्षीस द्यायला स्टॅम्प ड्युटी नाममात्र आहे. स्वस्त आहे म्हणून करू नका. करायचंच असेल तर त्यात स्पष्ट लिहा की मुलानं सांभाळ करायचा ही अट आहे, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळ केला नाही म्हणून बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, पण अट लिहिलेली असेल तर काम सोपं होतं.

दुसरा रस्ता खासगी ट्रस्टचा. आपली मालमत्ता ट्रस्टमधे टाकायची, आज आपणच ट्रस्टी, आणि ट्रस्टच्या कागदात लिहून ठेवायचं की दोन डॉक्टरांनी लिहून दिलं की माझी निर्णयक्षमता गेलीय, तर अमुक माणूस ट्रस्टी होईल. डोकं गेल्यावरही चालू राहील असा हा आपल्याकडचा सगळ्यात मजबूत रस्ता आहे, पण घर त्यात टाकलं की रजिस्ट्रेशन, स्टॅम्प ड्युटी, सीए, वकील, सगळं आलं. ज्यांचं एक टू बीएचके आणि चार एफडी आहेत त्यांनी या भानगडीत पडू नये असं माझं मत. ज्यांचं अपत्य अपंग आहे किंवा दोन-तीन मालमत्ता आहेत त्यांनी मात्र नक्की विचार करावा.

मृत्युपत्र वेगळं, ते मेल्यानंतरचं. पण तेही डोकं ठीक असतानाच करायचं असतं, म्हणून याच फेरीत उरकून टाका. त्याला स्टॅम्प ड्युटी लागत नाही.

शरीर: लिव्हिंग विल

आता जरा निवांत वाचा.

९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी कॉमन कॉज या संस्थेच्या केसमधे सांगितलं की सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की बरं होण्याची आशा नसताना मला नुसतं यंत्रावर ताणून ठेवू नका. त्या कागदालाच लिव्हिंग विल म्हणतात. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर भान हरपून अंथरुणाला खिळलेल्या, ज्यांना आठवतात त्यांना वेगळं सांगायला नको, त्यांच्या केसचा निकाल २०११ चा आणि त्या गेल्या २०१५ मधे, बेचाळीस वर्षं तशा अवस्थेत काढून. पण २०१८ ची पद्धत इतकी किचकट होती, त्यात मॅजिस्ट्रेटची सही लागायची, की कुणी त्या वाटेला जाईना. मग २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानंच ते सोपं केलं. आता असं आहे:

तुम्ही सज्ञान, डोकं शाबूत, स्वखुशीनं लिहिताय. दोन साक्षीदार, शक्यतो तुमच्या मालमत्तेशी संबंध नसलेले. आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर यांच्यासमोर सही. बस्स. शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास नोटरी बसलेलेच असतात, पण तिथे गर्दीत "लवकर सही करा आजी" असं होतं, त्यापेक्षा कुठल्या तरी नोटरीची वेळ घेऊन शांतपणे जा. आमच्या नोटरींनी आयुष्यात पहिल्यांदाच असा कागद बघितला होता, त्यांना वाटलं मावशी मृत्युपत्रच करतेय, तिनंच त्यांना समजावलं.

काय लिहायचं? मोघम "मला त्रास देऊ नका" असं लिहून उपयोग नाही, डॉक्टरला त्यातून काही ठरवता येत नाही. मावशीच्या कागदातलं वाक्य साधारण असं आहे: "मी बरी होण्याची वाजवी शक्यता उरलेली नाही असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मत असेल आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, ठेवलं असल्यास काढावं, डायलिसिस करू नये, हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारे उपचार शेवटपर्यंत चालू ठेवावेत." नाकातल्या नळीवर आमचा तासभर गेला. ती म्हणाली, नळी म्हणजे कुठली नळी, अन्नाची की श्वासाची, काकांना दोन महिने अन्नाची होती आणि ती त्यांनी सतरा वेळा उपटली. शेवटी तिनं लिहिलं की अन्नाची नळी तात्पुरत्या आजारात चालेल, कायमची नको. हा विचार आपल्या फॅमिली डॉक्टरबरोबर बसूनच करा, कुठल्या अवस्थेत काय करतात ते त्यांना माहिती असतं.

मग माणसाचं नाव, एक किंवा जास्त, जे तुमच्या वतीनं सांगतील की उपचार थांबवा. २०२३ नंतर एकापेक्षा जास्त नावं लिहिता येतात, क्रम टाका.

कॉपी कुणाकुणाला द्यायची: ज्यांची नावं आहेत त्यांना, फॅमिली डॉक्टरला, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, त्याला कस्टोडियन म्हणतात. मुंबईचे डॉ. निखिल दातार याच मुद्द्यावर हायकोर्टात गेले, कस्टोडियन नेमा म्हणून, मुंबई महापालिकेनं ते नेमले आणि राज्यात इतरत्रही हालचाल झाली. पुण्यात राहत असाल तर महापालिकेच्या आरोग्य खात्यात लेखी अर्ज देऊन कागद जमा करा, पिंपरी-चिंचवडवाल्यांनी त्यांच्या महापालिकेत, आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. काउंटरवरच्या माणसाला हे काय आहे ते माहिती नसण्याची तयारी ठेवा, निकालाची प्रत बरोबर न्या. डिजिटल हेल्थ रेकॉर्डमधे पण ते टाकता येतं.

वेळ आली तर हॉस्पिटलमधे काय होतं? नातेवाईकांनी कागद दाखवला आणि लगेच प्लग काढला असं होत नाही, तो सिनेमातला प्रकार आहे. आधी हॉस्पिटलचं पहिलं मंडळ बसतं, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. ते हो म्हणाले तर दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८-४८ तासात मत द्यायचं. मग मॅजिस्ट्रेटला कळवायचं, परवानगी मागायची नाही, कळवायचं. मंडळ नाही म्हणालं तर हायकोर्ट आहे. आणि इंजेक्शन देऊन मरण देणं यात कुठेच येत नाही, ते आपल्याकडे गुन्हाच आहे.

मत बदललं तर? कधीही लेखी रद्द करता येतं.

मनाचा आजार: साध्या कागदावरचं एक पान

हे लोकांना जवळपास माहितीच नाही आणि सगळ्यात सोपं हेच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू. त्यात कुठल्याही सज्ञान माणसाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, साध्या कोऱ्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. नातेवाईकच हवा असं नाही. आपण त्या अवस्थेत गेलो की उपचाराचे निर्णय घ्यायला हा माणूस मदत करतो, दाखल करायची वेळ आली तर अर्ज त्याचा लागतो, डिस्चार्जच्या वेळी त्याला विचारतात. नेमला नसेल तर कायदाच क्रम लावतो, आधी नातेवाईक, मग सांभाळणारा, मग या कायद्याखालचं मंडळ नेमेल तो. आता नातेवाईक म्हणजे नेमका कोणता? पुण्यातला भाऊ की नागपूरची बहीण? तिथेच भांडण. एका पानात ते मिटतं.

आणि हा कायदा फक्त येरवड्याच्या मनोरुग्णालयात जाणाऱ्यांसाठी आहे असं वाटत असेल तर चूक आहे. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान यांचा गंभीर बिघाड सुद्धा येतो, म्हणजे डिमेन्शियाचं घर असेल तर हा कागद तुमच्याच कामाचा.

त्याच कायद्यात आगाऊ निर्देश पण लिहिता येतात, मला कशी काळजी घेतलेली हवी, कशी नको. सरकारी नमुना आहे, साक्षीदार दोन. लिव्हिंग विल आणि हे वेगळं, एक मरणाच्या दारातलं, दुसरं मनाच्या आजारातलं, घोळ घालू नका. इमर्जन्सीच्या उपचारात हे निर्देश लागू होत नाहीत. मावशीनं यात लिहिलंय की मला हातपाय बांधून ठेवू नये, आणि सकाळी चहा आधी, गोळ्या नंतर. मी म्हटलं हे काय लिहायचं का, तर म्हणाली, तुला काय माहीत, काकांना ठेवलं होतं त्या केंद्रात उपाशीपोटी गोळ्या द्यायचे आणि मग म्हणायचे आजोबा चिडचिड करतात.

मात्र या प्रतिनिधीला तुमच्या पैशाला हात लावता येत नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती, २०१७ च्या कायद्यात ती ठेवलीच नाही. म्हणूनच वर पैशाचं एवढं लांबण लावलंय.

उशीर झालाय, आता?

ज्यांच्या घरात माणूस कोमात आहे किंवा डिमेन्शिया पुढे गेलाय त्यांनी आता मुखत्यारपत्रावर अंगठा घेऊ नका. खरंच नका घेऊ. उद्या दुसऱ्या भावानं आव्हान दिलं तर तो कागद तर जाईलच, वर फसवणुकीची तक्रार तुमच्यावर.

रस्ता एकच, हायकोर्टात रिट याचिका करून पालक म्हणून नेमणूक मागायची. १८९० चा पालकत्वाचा कायदा लहान मुलांसाठी आहे, मोठ्यांना लागू नाही, म्हणून घटनेच्या कलम २२६ खाली जावं लागतं. मुंबई हायकोर्टानं कोमातल्या नवऱ्यासाठी बायकोला असं पालक नेमलेलं आहे. कोल्हापूरला २०२५ मधे हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं तरी पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला मुंबईच गाठायची. बरोबर काय लागतं: डॉक्टरांचे रिपोर्ट, मालमत्तेची पूर्ण यादी, खर्च किती आणि कशासाठी लागतोय त्याचा हिशोब, आणि बाकीच्या सगळ्या वारसांची लेखी संमती. कोर्ट बहुतेक वेळा सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेतं. वारसांची संमती आधी जमवा, एकजण अडून बसला की प्रकरण लांबलंच. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर मात्र वेगळं आणि सोपं, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. तिथे हायकोर्ट नको.

डिमेन्शियाचं नुकतंच निदान झालंय अशांना अजून थोडा वेळ असतो. करार कायदा असं म्हणतो की अधूनमधून भान येणारा माणूस भानावर असताना करार करू शकतो. पण ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. म्हणून सहीच्या दिवशीच, त्याच तारखेचं, न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट घ्या. ते तीस मार्कांची छोटी तोंडी परीक्षा घेतात, आज वार कोणता, शंभरातून सात सात वजा करा, ही आकृती काढा. काकांना ती झाली तेव्हा ते भडकले होते, मला परीक्षा? पेपर कोणी काढलाय? सकाळची वेळ घ्या, झोप झालेली असू दे, अशा लोकांचं डोकं संध्याकाळकडे कमी चालतं. सत्तरीच्या पुढच्या धडधाकट माणसानं पण हे सर्टिफिकेट जोडून ठेवावं, खर्च फार नाही.

फाईल

सगळ्याची एक फाईल. वर एक पान, त्यावर कोणतं खातं कुठे, एजंटचा फोन, मेडिक्लेमचा नंबर, कोणता डॉक्टर, कोणत्या गोळ्या. पासवर्ड आणि पिन लिहू नका. फाईल बँकेच्या लॉकरमधे ठेवू नका, लॉकर तुमच्या सहीनं उघडतो आणि आपण चाललोय ते सही नसण्याच्या दिवसांसाठी. मावशीची फाईल स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी आहे, फ्रिजवर चिठ्ठी लावलीय, कामवालीला पण माहितीये.

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जाता ना, त्याच दिवशी फाईल उघडा, कोण गेलं, कोण परदेशी शिफ्ट झालं, कोणाशी बोलणं बंद झालं ते बघा, नाव बदलायचं असेल तर नवा कागद करा आणि जुन्याच्या वाटलेल्या सगळ्या कॉपी परत मागवून फाडा, महापालिकेत दिलेली सुद्धा लेखी कळवून रद्द करा. हे केलं नाही तर आयसीयूच्या बाहेर दोन भाऊ दोन वेगवेगळ्या तारखांचे लिव्हिंग विल घेऊन उभे राहतात आणि डॉक्टर दोन्ही बाजूला ठेवून व्हेंटिलेटर चालूच ठेवतात.